नागपूरच्या मे महिन्यात मुलांना घेऊन बाहेर पडायचं तर

माझं माहेर रत्नागिरीचं. उन्हाळा म्हणजे घामाने चिकचिकाट, एवढंच मला ठाऊक. नवऱ्याची बदली त्याच्या गावी, नागपूरला झाली तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. पहिल्याच मे महिन्यात मला वाटलं, इथे तर घामच येत नाही, मग एवढा बाऊ कशाचा? सासूबाई मागून ओरडल्या, "पोराले घेऊन या उन्हात कुठी चालली वं?" मी ऐकलं नाही. सकाळी अकराला बागेत गेलो. पत्र्याच्या घसरगुंडीवर तो बसला आणि किंचाळत उठला. मांडीवर लालभडक पट्टा. संध्याकाळी दोन उलट्या आणि ताप.

घाम येत नव्हता असं नाही. कोरड्या हवेत तो कातडीवर थांबतच नाही, उडून जातो. कोकणात अंग भिजलं की माणूस आपण होऊन पाणी मागतो. इथे अंग कोरडं आणि आतलं पाणी गुपचूप कमी होत राहतं. मुलांना तर खेळताना तहान आठवत नाही. म्हणून मी मागण्याची वाट पाहत नाही. दर झोपाळ्याला एक तिकीट, आणि तिकीट म्हणजे चार घोट पाणी. धाकटी आता तिकीट काढल्याशिवाय झोपाळ्यावर बसत नाही. घरी आल्यावर लघवी गडद पिवळी दिसली, तर पुढच्या खेपेला तिकीट महाग करायचं.

वेळ ही सगळ्यात मोठी गोष्ट. मेच्या मध्यात इथे साधारण साडेपाचला उजाडतं. आम्ही पावणेसहाला घर सोडतो आणि काहीही झालं तरी साडेआठला परत. मुलं रडली तरी परत. खेळ रंगात असताना उठवलं तर ती पुढच्या रविवारी स्वतः उठतात. दमल्यावर उठवलं तर घरी येऊन नुसती किरकिर. यासाठी आदल्या दुपारी झोप आणि रात्री नऊला दिवे बंद. पाहुणे आले असले तरी.

सकाळसाठी माझी पहिली पसंती सेमिनरी हिल्स. चढ थोडा, झाडी भरपूर, आणि जपानी गार्डनमध्ये मुलांना मोकळं सोडता येतं. अंबाझरी तलावाकाठी सकाळी वारा असतो, पण तिथे धाकटीचा हात सोडायचा नाही. महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात जनावरंही पहाटेच हलताना दिसतात. दहानंतर ती सावलीला पडून राहतात. त्यांना कळतं, मला कळलं नव्हतं!

आता पिशवी. पाण्याच्या बाटलीला जुन्या धोतराचा ओला तुकडा गुंडाळते. जी कोरडी हवा घाम पळवते, तीच हे फडकं सुकवताना बाटली गार करते. आपला वाळ्याचा कूलर इथे चालतो आणि रत्नागिरीत चालत नाही, त्याचंही कारण तेच. सोबत कैरीचं पन्हं, जिरं आणि मीठ घालून. टरबुजाच्या फोडी डब्यात, पण घरी चिरून. रस्त्यावर कापून ठेवलेलं मी घेत नाही. प्रत्येकाला सुती दुपट्टा, आणि परतताना तो भिजवून डोक्यावर. स्कूटरवर मुलगा पुढे उभा असतो, सगळा झोत त्याच्याच तोंडावर, म्हणून त्याचे कान-नाक झाकायचे. सीटवर पांढरं फडकं, नाहीतर सीटच तवा होते. तान्हं बाळ असेल तर बाबागाडीवर चादर पांघरू नका. सावली वाटते, पण आत हवा कोंडते.

सासूबाई नातवाच्या खिशात कांदा ठेवतात. कांद्याने ऊन अडतं असं मला वाटत नाही. पण मी त्याला सांगून ठेवलंय की टोपी काढली की कांदा काम करत नाही. टोपी डोक्यावरच राहते.

घसरगुंडी, लोखंडी बाक, रबराची जमीन, सगळ्यावर आधी माझ्या हाताची उलटी बाजू टेकवते. पाचपर्यंत मोजता आलं नाही तर तिथे बसणं बंद. चपलाही काढू देत नाही.

दुपारी बाहेर काढायचंच असेल तर छताखाली. रमण विज्ञान केंद्रात मुलगा दोन तास सहज रमतो. १८६३ साली सुरू झालेला अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, मला जास्त आवडतो, तिथली जुनी शस्त्रं मुलं पुन्हापुन्हा पाहतात. मात्र गाडी उन्हात उभी असेल तर दारं उघडून ती आधी निवू द्यायची. आणि गाडीत मूल एकटं, काच थोडी खाली करूनसुद्धा, दोन मिनिटंही नाही. २५ मेपासूनच्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी दुपारचा बेतच आखत नाही.

मूल खेळता खेळता एकदम गप्प झालं, चिडलं, डोकं किंवा पोट दुखतं म्हणालं, की पिकनिक तिथेच संपली. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या कपड्याने पुसा, वारा घाला, घोटघोट पाणी द्या. घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि मीठ अंदाजाने नाही. पण मूल बरळायला लागलं, झोपाळलं, अंग तापून गेलं, तर तोंडात काही घालू नका. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.

संध्याकाळी आम्ही सातनंतर फुटाळा तलावावर जातो. सूर्य गेला तरी कट्टा तासभर गरम असतो, म्हणून घडीची सतरंजी नेते. हल्ली सासूबाईही येतात. सतरंजीच्या कोपऱ्यात बसून "चार घोट झाले का रे?" हे आता त्याच विचारतात.