गाडीचा फॅन बेल्ट घरच्या घरी बदलायचा असेल तर

सकाळी गाडी सुरू केली की बोनेटमधून कुंईऽऽ असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत जातो, पावसाळ्यात तर रोजच, असं होत असेल तर बहुतेक वेळा तो फॅन बेल्टच असतो. आवाज आपोआप थांबतो म्हणून लोक सोडून देतात, प्लीज सोडू नका. आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक महिनाभर अशीच ओरडत होती आणि एका रविवारी साताऱ्याहून येताना शिरवळच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ टेंपरेचरचा काटा चढायला लागला, बेल्ट तुटला होता. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं म्हणून हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) वाचलं. आता बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅन मोटरवर चालतो तरी नाव फॅन बेल्टच राहिलंय, पण तो अल्टरनेटर म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंपही त्याच्यावरच असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं बाहेरून दिसणाऱ्या बेल्टबद्दल आहे. कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा दातेरी बेल्ट, घरी करू नका, त्यात एक दात जरी चुकला तरी गडबड होते आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. तो अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्या.

नवा बेल्ट आणायला पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जा, गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगा आणि जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर टिपून न्या. समजा ४पीके८५५ असं लिहिलंय, तर ४ म्हणजे उभ्या रेघा म्हणजे रिब, पीके हा रिबचा प्रकार आणि ८५५ ही मिलिमीटरमध्ये लांबी. नंबर पुसला गेला असेल तर अंदाजाने घेऊ नका, गाडीच्या माहितीवरून पार्ट नंबर काढून द्यायला सांगा. काही गाड्यांत स्ट्रेच बेल्ट असतो, त्याला ना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ना अ‍ॅडजस्टमेंट, तो चढवायला वेगळं टूल लागतं, हेही दुकानातच विचारा.

काम इंजिन पूर्ण गार असतानाच करायचं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात आणि १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा फॅन अचानक फिरतो आणि तिथेच आपली बोटं असतात. मग काहीही सैल करायच्या आधी मोबाईलने दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, कुठली पुली वरून आणि कुठली खालून हे बेल्ट निघाल्यावर आठवत नाही. जागा अडचणीची असेल तर पुढचं उजवं किंवा डावं चाक काढावं लागतं, तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालू नका, खाली स्टँड लावा.

ऑटो टेन्शनर असेल तर पाना लावून तो फिरवून धरायचा, बेल्ट ढिला पडतो, एका पुलीवरून काढून घ्यायचा. जुन्या पद्धतीत अल्टरनेटरचा खालचा मेन बोल्ट आणि वरच्या पट्टीवरचा बोल्ट, साधारण १२ किंवा १४ चा पाना, दोन्ही सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलायचा.

बेल्ट निघाला की लगेच नवा चढवू नका. जुना बोटावर उलटा वाकवून बघा, आमच्या बेल्टला प्रत्येक रिबवर आडव्या भेगा होत्या आणि एके ठिकाणी रबराचा तुकडाच उडाला होता. आताच्या ईपीडीएम रबराच्या बेल्टला मात्र भेगा फारशा पडत नाहीत, रिब झिजून खाचा रुंद होतात, त्यामुळे भेगा नाहीत म्हणजे चांगला असं समजू नका. मग प्रत्येक पुली हाताने फिरवा, खरखर लागली किंवा हलली तर बेअरिंग गेलंय आणि ते तसंच ठेवलं तर नवा बेल्टही खराब होणार. बेल्टवर तेल किंवा कूलंट दिसलं तर गळती आधी थांबवा.

नवा बेल्ट चढवताना प्रत्येक रिब पुलीच्या खाचेत बसलीय का हे बोट फिरवून बघा, एक रिब जरी बाहेर राहिली तरी बेल्ट फाटत जातो. स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवू नका, कडा कापली जाते.

आता ऑटो टेन्शनर नसेल तर टेन्शन म्हणजे बेल्टचा ताण, खरं काम इथेच आहे. सर्वात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबलं की बऱ्याच छोट्या गाड्यांत साधारण ६ ते १० मिलिमीटर दबावा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ढिला राहिला तर घसरतो, ओरडतो आणि चार्जिंग कमी होतं. पण भीतीने खूप कसला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपचं बेअरिंग जातं, तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट. टॉमीने (लोखंडी दांड्याने) अल्टरनेटर ओढताना त्याच्या भक्कम भागावर टेका, पातळ बॉडीवर नको.

बोल्ट कसून बॅटरी जोडा, पाने आणि कापडं बाहेर काढलीत ना बघा आणि मग गाडी सुरू करा, बाह्या किंवा ओढणी लांब ठेवून. आवाज आला तर लांबूनच रिबच्या बाजूने थोडं पाणी शिंपडा, आवाज जाऊन परत आला तर पुली सरळ रेषेत नाही, वाढला तर टेन्शन कमी आहे. ओरडणाऱ्या बेल्टवर स्प्रे किंवा साबण मारू नका, त्याने आवाज दबतो, दोष तसाच राहतो. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर थोडी गाडी चालवून २-३ दिवसांनी गार इंजिनवर परत दाबून बघा, नवा बेल्ट बसला की थोडा ढिला होतो.