जुनी लोहखनिजाची खाण बाहेरूनच कशी वाचायची

बंद पडलेल्या खाणीची निम्मी हकिकत बोगद्याच्या तोंडाशी टाकलेल्या ढिगात असते. आत शिरायचे कारणच नाही. चिनी मातीच्या टाइलचा झिलई नसलेला तुकडा, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, लटकता वजनकाटा, होकायंत्र आणि नती, म्हणजे थराचा कल, मोजायचे साधन एवढे पुरते.

आधी कस, म्हणजे दगडाची टाइलवर उमटणारी रेघ, पाहा. दगड फोडून ताजी बाजू टाइलवर जोराने ओढा. वरच्या गंजलेल्या सालीचा कस हमखास फसवतो. रेघ तांबडी आली तर हेमॅटाइट हे लोहखनिज, मग दगड पोलादासारखा करडा का दिसेना. रेघ काळी आणि चुंबक झटकन ओढले गेले तर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज. पिवळट तपकिरी असेल तर गोएथाइट, हेही लोहखनिजच. तांबडा कस असूनही चुंबक जरासे हलले, तर तो मूळचा मॅग्नेटाइट असून पुढे हेमॅटाइट झालेला असू शकतो.

मग घनता काढा. दगड हवेत तोला, दोऱ्याने पाण्यात बुडवून पुन्हा तोला. समजा, हवेतले वजन ५२५ ग्रॅम, पाण्यातले ३७५ ग्रॅम. फरक १५०, म्हणून घनता ५२५ ÷ १५० = ३.५. शुद्ध हेमॅटाइटची सुमारे ५.२, गारेची (क्वार्ट्झची) २.६५. लाल-करड्या पट्ट्यांच्या दगडात ही दोनच खनिजे असतील, तर ३.५ घनतेला लोह साधारण ३४ टक्के बसते. बुडबुडे थांबल्याशिवाय आकडा घेऊ नका, छिद्रांतल्या हवेने घनता कमी दिसते. अशा पट्टेदार खडकातून पाण्याने गार विरघळून गेली की मागे लोहाने श्रीमंत खनिज उरते. म्हणून बऱ्याच खाणींत चांगला माल वरच्या भागात असतो आणि खाली कठीण, पट्टेदार दगड लागतो.

ढिगाचा क्रमही बघा. गाड्या टोकाशी रिकाम्या होत गेल्या, म्हणजे तोंडाजवळचा माल सर्वांत आधीचा, बाहेरच्या कडेचा सर्वांत शेवटचा. तोंडापासून कडेपर्यंत दर दोन-तीन पावलांवर एक दगड उचलून कस लावा. बोगदा कोणत्या खडकातून गेला हे त्याच क्रमाने कळते. बारीक भुकटीचे ढीग टाकाऊ समजू नका. भुकटीने झोतभट्टीतली, म्हणजे हवेचा झोत सोडून लोखंड काढणाऱ्या भट्टीतली, हवा कोंडते, म्हणून पूर्वी चांगले खनिजही बारीक असेल तर टाकून देत.

आता थर. जमिनीवर उघड्या दिसणाऱ्या थराच्या पट्ट्याची रुंदी सपाट जमिनीवर, पट्ट्याच्या लांबीला काटकोनात मोजा. रुंदी २० मीटर आणि नती ३० अंश असेल तर खरी जाडी १० मीटर. नतीच्या दिशेने ५० मीटर पुढे गेल्यावर थराचा माथा सुमारे २९ मीटर खोल सापडेल. मॅग्नेटाइटजवळ होकायंत्र भरकटते: रेषेच्या दोन्ही टोकांवरून उलटसुलट दिशा घ्या, फरक १८० अंश नसेल तर ती नोंद सोडून द्या.

खड्ड्यांची रांग सहसा थराच्या रेषेवरच असते आणि खणलेली पोकळी नतीच्या बाजूला. म्हणून चालताना नतीच्या उलट बाजूने चाला. गोल खचवटा, वाकलेली झाडे, जमिनीत समांतर भेगा दिसल्या तर तिथून मागे फिरा. डोंगराच्या पायथ्याशी, तांबडे पाणी वाहणारा बोगदा बहुधा निचऱ्याचा. पाणी आणि भरलेल्या गाड्या आपोआप बाहेर याव्यात म्हणून त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिलेला असतो. त्याच्या तोंडाशीही उभे राहू नका. आतली खनिजे गंजताना प्राणवायू खातात. हवेत तो २०.९ टक्के असायला हवा, १९.५ च्या खाली धोका, आणि हे वासाने कळत नाही.