अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलाला घेऊन बाहेर जेवायला जाताना

उपाहारगृहात फोन करायचा तर तो गर्दीच्या वेळी नव्हे, दुपारी उशिरा करावा, कारण तेव्हाच स्वयंपाकघरातल्या माणसाशी निवांत बोलता येते. "यात शेंगदाणे आहेत का?" एवढेच विचारून भागत नाही, ज्या तेलात शेंगदाण्याचे किंवा अंड्याचे पदार्थ तळले, त्याच तेलात मुलाचे बटाट्याचे काप तळले जाणार आहेत का, हे विचारावे लागते. तेल कडकडीत तापलेले असले तरी ॲलर्जी निर्माण करणारी प्रथिने त्यात नष्ट होतीलच असे नाही. तीच गोष्ट चिमट्याची, झाऱ्याची आणि चिरायच्या फळीची. बुफे मात्र सरळ टाळावा, कारण तिथे एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात कधी जातो ते कोणालाच कळत नाही.

वर्ज्य पदार्थांची नावे ठळक अक्षरांत लिहिलेले कार्ड वाढप्याच्या हाती देऊन ते आचाऱ्यापर्यंत पोहोचवायला सांगावे. उत्तर "बहुधा नसेल" असे आले, तर तो पदार्थ मागवू नये. यात भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले असल्यास ते गाडीत न ठेवता टेबलापाशी, हाताशी ठेवावे. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा मूल निपचित पडू लागले, तर ॲलर्जीच्या गोळीची वाट न पाहता ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावे, लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि बरे वाटले तरी मुलाला चालवू नये.