पोर्ट आणि हार्बर, दोन्हीला आपण बंदरच म्हणतो, पण फरक हाय

परवा भाच्याने गुळाच्या एक्सपोर्टचा फॉर्म भरताना पोर्ट ऑफ लोडिंगच्या रकान्यात सरळ मुंबई हार्बर टाकलं, म्हटलं बाबा माल हार्बरमधनं नाही पोर्टवरनं चढतो, तिथं न्हावा शेवा लिही.

आता बघा, हार्बर म्हणजे वारा-लाटांपासनं आडोसा असलेलं पाणी, जिथं जहाज निवांत उभं राहतं. मग तो आडोसा निसर्गानं दिलेला असू दे नाहीतर भिंत घालून केलेला. पोर्ट म्हणजे धंद्याची जागा, धक्का, क्रेन, गोदाम, कस्टम्स, कंटेनरची ये-जा. मुंबईचं हार्बर एकच, पण त्याच पाण्याच्या एका काठाला मुंबई पोर्ट आणि समोरच्या काठाला 1989 साली सुरू झालेलं न्हावा शेवा, म्हणजे एका हार्बरात दोन पोर्ट झाले की! आपल्या कोल्हापूरकडनं जवळ रत्नागिरी, तिथं मिरकरवाड्याला फिशिंग हार्बर म्हणतात, मासेमारीच्या होड्या लागतात तिथं.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे इंग्रजीत हार्बर हे क्रियापद पण हाय, आसरा देणे, गुन्हेगाराला घरात लपवलं तरी हाच शब्द. आणि पोर्टला पाणी लागतंच असं नाही, कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीला समुद्र कुठाय, तरी एअरपोर्ट हायच. एअरहार्बर कुणी म्हणतंय का?

आणि हो, एक्सपोर्टमधला पोर्ट वेगळा बरं का, तो लॅटिनमधल्या वाहून नेणे ह्या शब्दावरनं आलाय.