वाकणारी बॅटरी करायची? आधी स्लरी कालवायला शिका

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांना एखादं नवं, भन्नाट रसायन शोधायचं असतं. माझा अनुभव वेगळा आहे. सुरुवातीचे बरेच महिने स्लरी (इलेक्ट्रोडसाठीच्या पावडरींचं दाटसर मिश्रण) कालवण्यात आणि तिचा पातळ थर पसरण्यात जातात, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

पहिला प्रकल्प झिंक-आयनचा घ्या. लिथियमला ग्लव्ह बॉक्स (ओलावा आणि हवा बाहेर ठेवणारी बंद पेटी) लागतो. झिंकचा इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारं द्रावण) पाण्यातला असल्यामुळे सेल साध्या टेबलावर जुळवता येतो. कॅथोडला (धन टोकाला) मँगनीज डायऑक्साइड, इलेक्ट्रोलाइट म्हणून झिंक सल्फेट आणि त्यात थोडं मँगनीज सल्फेट: सगळंच स्वस्त.

बाइंडर (पावडर चिकटवून धरणारा पदार्थ) म्हणून सर्रास वापरलं जाणारं पीव्हीडीएफ हे प्लॅस्टिक विरघळवायला एनएमपीसारखा घातक द्रावक लागतो. सेल्युलोजपासून केलेलं सीएमसी किंवा समुद्री शेवाळातलं अल्जिनेट पाण्यातच विरघळतं. मात्र सीएमसी एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि मग त्या फुटता फुटत नाहीत. पाणी ढवळत ठेवून चिमूट-चिमूट सोडा, रात्रभर मुरू द्या, मगच कार्बन ब्लॅक (वीजवाहक काजळी) आणि मँगनीज डायऑक्साइड घाला. जाड थर घाईने वाळवला तर बारीक भेगा पडतात. सपाट सेलमध्ये त्या खपून जातात, पण सेल वाकवला की नेमका तिथूनच पापुद्रा सुटतो.

वाकवण्याचं गणित सोपं आहे: जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागा. 0.5 मिमी जाडीचा सेल 10 मिमी त्रिज्येच्या दांड्यावर गुंडाळला, तर बाहेरचा पृष्ठभाग साधारण 2.5 टक्के ताणला जातो. म्हणून साहित्य बदलण्याआधी जाडी कमी करून बघा. (त्रिज्या न सांगता नुसतं ‘180 अंशांत वाकवला’ म्हणणारं संशोधन-पोस्टर मी तरी मनावर घेत नाही.)

कुलंबिक एफिशियन्सी (चार्ज करताना भरलेल्या विद्युतभारापैकी डिस्चार्जला परत मिळणारा वाटा) 99 टक्के ऐकायला छान वाटते. पण दर सायकलला (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) 1 टक्का झिंक निकामी होत गेलं, तर 100 सायकलनंतर जेमतेम 37 टक्के उरतं. जाड झिंक पत्रा वापरला की हा तोटा झाकला जातो. त्यामुळे कोणाचाही आलेख बघताना झिंक किती जास्तीचं घातलं होतं, ते आधी विचारा.

‘टाकाऊपासून फुकट कार्बन’ या दाव्याकडेही जरा संशयानेच बघावं. हार्ड कार्बन या इलेक्ट्रोडच्या कार्बनसाठी भट्टी 1000 अंश सेल्सिअसच्या पुढे न्यावी लागते. ती वीज आणि धुण्याचं पाणी खर्चात धरलंय का, हे तपासा.

वाकणाऱ्या सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट धरून ठेवणाऱ्या जिलेटिन किंवा सेल्युलोजच्या जेलचा मोठा शत्रू म्हणजे वाळणं. पातळ प्लॅस्टिक आवरणातून पाण्याची वाफ हळूहळू निसटते. तेव्हा सायकलिंगसोबत सेलचं वजनही रोज नोंदवा, आणि त्याच बॅचचा एक सेल न वाकवता बाजूला ठेवून त्याचंही. दोघांचं वजन सारखंच उतरत असेल, तर दोष वाकवण्याचा नाही, आवरणाचा आहे.