इंग्रजी अभिनेत्रीची कारकीर्द कशी अभ्यासावी : सीमाभागातील हौशी कलावंतांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात गावच्या यात्रेला किंवा गणेशोत्सवात नाटक बसवणारी मंडळे आजही आहेत आणि त्यांतील तरुण मुलामुलींना मोबाइलवर इंग्रजी अभिनयाचे उत्तम नमुने सहज पाहायला मिळतात. मात्र पाहणे वेगळे आणि अभ्यासणे वेगळे. दोन-चार प्रसंग पाहून नक्कल साधते. तो अभिनय कोणत्या मेहनतीतून उभा राहिला हे समजून घ्यायचे, तर एकाच कलावंताची कारकीर्द आरंभापासून क्रमाने पाहावी लागते. येथे ही पद्धत ज्युडी डेंच यांच्या उदाहरणाने मांडली आहे, कारण रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणचे त्यांचे काम एकमेकांशी जोडून पाहता येते.

प्रथम एक वही घ्यावी आणि तीत वर्ष, नाट्यगृह किंवा माध्यम, भूमिका व दिग्दर्शक असे चार रकाने आखावेत. डेंच यांचा जन्म १९३४ साली यॉर्क येथे झाला. त्यांना आधी नेपथ्यकार व्हायचे होते. पुढे लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये अभिनयाचे शिक्षण घेऊन १९५७ मध्ये ओल्ड व्हिक कंपनीत त्या ‘हॅम्लेट’मधील ऑफेलिया म्हणून उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये त्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत आल्या आणि १९६८ मध्ये ‘कॅबरे’ या संगीत नाटकात त्यांनी प्रमुख भूमिका केली. हुकलेल्या भूमिकाही वहीत नोंदवाव्यात. १९८१ मध्ये ‘कॅट्स’ या संगीत नाटकाच्या तालमीत टाचेजवळची शीर तुटल्यामुळे त्यांची भूमिका एलेन पेज यांच्याकडे गेली. अशा नोंदींवाचून कारकीर्द सरळ चढत गेल्याचा भास होतो आणि तो नवख्या कलावंताचे नुकसान करतो.

वही भरत गेली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याकडे बहुतेकांना डेंच ठाऊक आहेत त्या बाँडपटांतील ‘एम’, म्हणजे गुप्तहेर बाँडच्या वरिष्ठ अधिकारी म्हणून; पण त्यांचा पहिला बाँडपट ‘गोल्डनआय’ आला १९९५ मध्ये, म्हणजे त्यांनी साठी गाठल्यावर आणि रंगभूमीवर अडतीस वर्षे काढल्यावर. म्हणून गाजलेल्या चित्रपटांच्या किंवा पुरस्कारांच्या यादीपासून अभ्यास सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर एकच भूमिका निवडून तिच्यावर मुक्काम करावा. त्यासाठी शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’मधील लेडी मॅक्बेथसारखी दुसरी भूमिका नाही. ट्रेव्हर नन यांनी १९७६ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ‘दि अदर प्लेस’ या पत्र्याच्या छोट्या नाट्यगृहात ‘मॅक्बेथ’ बसवले; इयन मकेलन मॅक्बेथ होते आणि डेंच लेडी मॅक्बेथ. भव्य नेपथ्य नव्हते, प्रेक्षक अगदी जवळ होते. या प्रयोगाचे पुढे दूरचित्रवाणीसाठी चित्रीकरण झाल्याने तो आज आपल्याला पाहता येतो. दुष्ट शक्तींना आवाहन करण्याच्या प्रसंगात डेंच मध्येच दचकून मागे सरतात. ज्यांना आपण बोलावत आहोत ते खरोखरच आले की काय, अशी भीती त्या एका हालचालीत उमटते. झोपेत चालण्याच्या प्रसंगातील उसासा तर इतका लांबत जातो की तो संपण्याची वाट पाहताना पाहणाऱ्याचाच श्वास अडकतो. हे दोन प्रसंग आधी आवाज बंद करून पाहावेत आणि मग पडद्याकडे न पाहता नुसते ऐकावेत. शरीर काय करते आणि श्वास काय करतो, हे तेव्हाच वेगवेगळे लक्षात येते.

इंग्रजी अवघड वाटत असेल तर अडून बसण्याचे कारण नाही. वि. वा. शिरवाडकरांनी याच नाटकाचे ‘राजमुकुट’ हे मराठी रूप सिद्ध केले आहे. ते वाचनालयातून मिळवून तोच प्रसंग मोठ्याने वाचावा. शेक्सपिअरशी आपल्या भागाचे नातेही जुने आहे. ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले आणि त्यांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे.

पडद्यावरचे काम त्यानंतर पाहावे. ‘गोल्डनआय’मध्ये बाँडला खडसावताना डेंच आवाज चढवत नाहीत, शब्द तोलून, नजर न हलवता बोलतात आणि अधिकार तेवढ्यातून प्रकट होतो. ‘शेक्सपिअर इन लव्ह’मध्ये राणी एलिझाबेथच्या वेशात त्या जेमतेम आठ मिनिटे दिसतात, तरी त्या कामाला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. आमच्याकडे लहान भूमिका मिळाली की तालमीला दांड्या मारणारे पुष्कळ असतात. त्यांनी ही आठ मिनिटे पुन्हापुन्हा पाहावीत.

पाठांतराबाबतही त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. दृष्टिपटलाच्या विकाराने नजर क्षीण झाल्यावर डेंच दुसऱ्याकडून संहिता वाचून घेऊन ऐकून पाठ करू लागल्या. दिवसभर शेतात, दुकानात किंवा उद्यमबागेतील कारखान्यात राबून रात्री तालमीला येणाऱ्या कलावंताला ही रीत सोयीची आहे. सहकलावंताला आपल्या वाक्यांआधीची वाक्ये भावनेचा रंग न देता वाचायला सांगावीत, ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि आपल्या वाक्याएवढी जागा मोकळी सोडावी. मुद्रणातच भाव भरला, तर आपले उत्तर त्याच सुरात अडकते.

शेवटी निवडलेला प्रसंग मंडळाच्या तालमीत दोनदा करून पाहावा. एकदा चार माणसांसमोर, हाताच्या अंतरावरून. एकदा यात्रेच्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात, पण ध्वनिक्षेपकाविना. डेंच यांचा सूर उसना घेऊ नये. खानापूरकडची किंवा निपाणीकडची आपली बोली पात्राला शोभत असेल तर ती खुशाल ठेवावी. दुसऱ्या खेपेस कोणते शब्द विरले आणि कोठे श्वास अपुरा पडला, हे मागे बसलेल्या सहकाऱ्याकडून विचारून त्याच वहीत पाचवा रकाना आखून लिहावे आणि पुढच्या तालमीची सुरुवात त्या शब्दांपासून करावी.