कुटाराची गंजी, मांजरीची पिल्लं आणि गाभण बकरी

सोयाबीनची मळणी आटोपली की कुटाराची, म्हणजे भुशाची, गंजी जनावरांच्या कोठ्याला लागूनच रचली जाते. गंजीत उंदीर येतात, उंदरांमागे मांजर येते, आणि थोड्याच दिवसांत तिथंच तिची पिल्लं दिसू लागतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फळलेल्या बकऱ्या नेमक्या याच वेळी तीन-चार महिन्यांच्या गाभण असतात. मग एखादी गाभ टाकते आणि आपण म्हणतो, दुसरीनं ढुशी मारली असेल. मारलीही असेल. पण ओळीनं दोन-तीन गाभडल्या, तर ढुशीवर भागत नाही.

गाभडण्याच्या अनेक कारणांपैकी एक आहे टोक्सोप्लाझ्मा गोंडी, एका पेशीचा परजीवी. 1908 साली तो सापडला. पण त्यात मांजरीचा हात नेमका काय, हे स्पष्ट व्हायला 1970 उजाडलं.

मांजर बाधित उंदीर खाते तेव्हा त्याच्या मांसातल्या परजीवीच्या गाठी तिच्या पोटात फुटतात आणि परजीवी लहान आतड्याच्या अस्तरात शिरतो. तिथं आधी तो नुसता दुभंगत, वाढत जातो. या वाढीचे पाच प्रकार फ्रेंकेल आणि मूळचे भारतीय असलेले दुबे या संशोधकांनी 1972 मध्ये वेगळे करून दाखवले. त्यानंतर नर आणि मादी पेशी तयार होतात, त्यांचं मीलन होतं, आणि भोवती टणक कवच धरलेला ऊसिस्ट, म्हणजे परजीवीचं जणू अंडंच, विष्ठेतून बाहेर पडतो. नर-मादीचा हा टप्पा फक्त मांजर आणि तिच्या कुळातल्या प्राण्यांत होतो. बकरी, कुत्रा, माणूस यांच्या आतड्यात तो होत नाही.

उंदीर खाल्ल्यापासून साधारण 3 ते 10 दिवसांत ऊसिस्ट पडू लागतात आणि एक-दोन आठवडे पडत राहतात, तेही लाखोंनी. बहुतेक मांजरी आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा बाधा होते तेव्हाच, ते टाकतात. म्हणून धोका जास्त असतो नुकत्याच शिकारीला लागलेल्या पिल्लांचा. जुनी, मुरलेली मांजर मारू किंवा हाकलू नका. ती गेली की तिच्या जागी नवी येते, आणि उंदीर तर वाढतातच. जमेल तिथं नसबंदी करून तीच ठेवा.

आता कामाची गोष्ट. ही विष्ठा लागलेलं कुटार, दाणा किंवा पाणी पोटात गेलं की बकरीला बाधा होते. ताजी विष्ठा लगेच बाधा करत नाही. ऊसिस्ट पिकायला हवा, ओल आणि ऊब लागते, आणि त्याला 1 ते 5 दिवस जातात. म्हणजे रोजच्या रोज विष्ठा उचलून खोल पुरली, तर निम्मं काम झालं. एकदा पिकला की ओल्या मातीत तो महिनोन्महिने, कधी वर्षाहून जास्त टिकतो. फिनाईलला तो दाद देत नाही. उकळतं पाणी मात्र त्याला मारतं. कोरड्या उन्हातही त्याचा निभाव लागत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्याचा एवढा तरी उपयोग!

गंजी कोठ्यापासून थोडी दूर, उंचवट्यावर रचा आणि ताडपत्रीनं चहूबाजूंनी झाका. वरचं भिजलेलं, मांजरीनं उकरलेलं कुटार गाभण बकऱ्यांना घालू नका. ढेप आणि दाणा झाकणाच्या पिंपात ठेवा, पाण्याचं टाकं रोज घासा. मांजरीला कच्चं मांस किंवा बकरीचा जार देऊ नका.

बकरी गाभडलीच तर ती वेगळी बांधा. जाराच्या गुंड्यांवर (त्यावरच्या गोल गाठींवर) बारीक पांढरे ठिपके दिसले तर या रोगाचा संशय घ्यावा, पण निदान डोळ्यांनी होत नाही. गर्भ, जार आणि रक्ताचा नमुना पशुवैद्यकामार्फत तपासणीला पाठवा. कारण ब्रुसेलोसिस या जिवाणूंच्या रोगातही बकरी गाभडते, आणि त्याचे उपाय वेगळे आहेत. टोक्सोप्लाझ्माच निघाला तर घाईनं बकरी विकू नका; एकदा बाधा झालेल्या बकरीत बहुधा प्रतिकारशक्ती येते आणि पुढच्या वेताला ती नीट विते. हातमोजे घालून उरलेला जार कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही इतका खोल पुरा.

ही बाधा माणसालाही होते. म्हणून घरात कोणी गरोदर असेल तर तिला बकऱ्यांच्या वितीला, गाभडलेल्या बकरीजवळ किंवा कुटार उपसायला पाठवू नका. बकरीचं दूध सगळ्यांनीच उकळून प्यावं, लहान पोरांना तर धारोष्ण अजिबात देऊ नये.